तुमची नजर चुकली नव्हती

बाई,

परवा यवतमाळला तुमची शोकसभा झाली. चांगली झाली, म्हणजे वेळेवर सुरू झाली आणि कोणी कविता म्हटली नाही. तुम्हाला चालली असती. नागपूरहून आलेले एक मोठे डॉक्टर वीसेक मिनिटं बोलले. तुम्ही आधी रक्ताच्या पेशींवर काम केलंत, मग माणसाच्या मनाकडे वळलात, आणि हे दोन्ही एकाच आयुष्यात करणारं माणूस आपल्याकडे विरळा, असं ते म्हणाले. तिथपर्यंत ठीक होतं. मग म्हणाले, "त्यांच्या हातून एका निदानात चूक झाली. त्यांनी ती स्वतःहून मान्य केली आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नाही. हा त्यांचा मोठेपणा." लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. ती चूक तुमची नव्हती, माझी होती, हे त्या सभेत एकट्या मला ठाऊक होतं. मी उठलो नाही.

बारा वर्षं तुमच्या हाताखाली काढली आणि जे एक वाक्य तुम्हाला सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. तुम्ही चार दिवसांच्या तापात गेलात. तुम्हाला वेळ मिळाला नाही असं सगळे म्हणतात. मला मात्र सात वर्षं मिळाली होती. म्हणून आता लिहितो आहे, आणि याची एक प्रत त्या मोठ्या डॉक्टरांनाही पाठवणार आहे. तुम्हाला उशीर खपायचा नाही, हे माहीत आहे.

तुम्ही वणीत आलात तो छप्पनचा उन्हाळा. मी राजूरच्या चुनाभट्टीवर गोण्या मोजायचो. सातवी पास होतो आणि अक्षर बरं होतं, एवढ्यावर तुम्ही मला घेतलंत. खरं कारण वेगळं होतं आणि तुम्ही ते पहिल्याच दिवशी सांगून टाकलंत. "मला तुमच्या वस्तीत कोणी हात लावू देणार नाही. तुला देतील." मला राग आला होता, पण बोलणं खरं होतं. वस्तीत आधीच बोभाटा झाला होता की यवतमाळची एक बाई रक्त काढून विकते. मी चावडीपुढे सगळ्यांसमोर तुमच्यापुढे बोट धरलं. तुम्ही सुई टोचलीत आणि मी ओरडलो. सगळे हसले, आणि मग माझी आईच पुढे आली. "कचऱ्या मेला नाही ना, मंग घ्या मायं बी," म्हणाली. तेव्हा माझं नाव कचरू होतं.

काम तुम्ही मला दोन दिवसांत शिकवलंत. काचेवर रक्ताचा थेंब, त्यावर पातळ काच, आणि चारही कडा वितळलेल्या मेणाने बंद. आत हवा राहता कामा नये. मग दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, पण काहींच्या रक्तात हवा तुटली की त्या वाकतात आणि विळ्यासारख्या दिसतात. हा गुण आईबापांपैकी एकाकडून आला तर माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही लागत नाही. दोघांकडून आला तर लेकराची हाडं दुखतात, डोळे पिवळे पडतात, आणि पुष्कळदा ते जगत नाही. आमच्या वस्तीत अशी लेकरं होती. त्यांना आम्ही बाहेरचं लागलंय म्हणायचो. तुम्ही मला सूक्ष्मदर्शकात दाखवलंत, तेव्हा मी तासभर उठलो नव्हतो. लोक त्या यंत्राला दुर्बीण म्हणायचे आणि त्या पेशींना इळा. काही दिवसांनी तुम्हीही इळाच म्हणायला लागलात.

घरमालकाची गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगायचा, म्हणून मीही सांगतो. माझ्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवा, असं त्यांनी तुम्हाला सुचवलं. तुम्ही म्हणालात, "वेगळा कशाला, आम्ही दोघंही कपात पीतच नाही." त्या दिवसापासून आपण प्रयोगशाळेच्या काचेच्या पेल्यांतून चहा प्यायला लागलो. पेल्याला कान नसल्यामुळे बोटं भाजायची. मी दोनदा म्हटलं की आता घरमालक विसरले असतील, कप काढू या. तुम्ही ऐकलं नाहीत. हट्टीपणात तुमचा हात कोणी धरला नसता.

त्याच वर्षी दसऱ्याला आमची सगळी वस्ती नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन आली. मी परत आलो तो थेट तुमच्या दारात आणि सांगितलं, "बाई, मी आता आनंद." तुम्ही म्हणालात, "बरं आनंद, मेण संपलंय, घेऊन ये." त्यानंतर एकदाही तुमच्या तोंडून जुनं नाव आलं नाही. माझ्या आईच्या तोंडून आलं, शाळेतल्या मास्तरांच्या आलं, मोटारीच्या कंडक्टरच्या आलं. तुमच्या नाही. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण ते मानायची गोष्ट नाही असं मला तेव्हा वाटायचं. आज मानतो.

पण भांडण त्यावरूनच झालं. वस्तीत घरोघरी नावं बदलली होती. पाठची भावंडं जगत नाहीत म्हणून ज्यांना धोंड्या, दगडी, उकिरड्या म्हणायचे, ती सगळी आता सिद्धार्थ, सुजाता, प्रज्ञा झाली होती. तुमच्या वहीत मात्र जुनी नावं होती आणि त्यांच्यापुढे जातीचा रकाना होता. तुम्ही म्हणालात, "नवं नाव लिही, पण कंसात जुनं लिहून ठेव. नाहीतर तोच माणूस दोनदा मोजला जाईल."

मी पेन खाली ठेवला. "बाई, आम्ही ते नाव टाकून आलो. तुमच्या कंसात ठेवायले नाही आलो."

मला वाटलं, आता नोकरी गेली. मग तुम्ही जुनी वही कापडात बांधलीत, ट्रंकेत टाकलीत आणि म्हणालात, "नवी वही आण. पण कोणाचं रक्त आधी घेतलंय ते तुला ठाऊक असणार. मी दर वेळी विचारीन, तू सांगायचं." मी हो म्हटलं. ते नाव न लिहिण्यात मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. पण कागदावर जे लिहायचं नव्हतं ते तोंडाने सांगायचं मी कबूल केलं होतं. आपल्या दोघांतला करार एवढाच होता.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे काका सुजाताला घेऊन आले. सोयरीक चालली होती. "पोराच्या रक्तात इळा हाये म्हंतेत," ते म्हणाले. "पोरीचं पाहून द्या बाई, मंग बोलणं पक्कं करतो." तुमच्या दोन वर्षांच्या कामाचं हे फळ होतं. लोक पत्रिकेआधी तुमच्याकडे यायला लागले होते, आणि तुम्हाला त्याचा अभिमान होता. मी थेंब घेतला, काच ठेवली, मेण लावलं. ऊन इतकं होतं की मेण हातातच मऊ पडत होतं. एखाद्या कोपऱ्यात फट राहिली असणार आणि आत हवा गेली असणार. हे मी आज म्हणतो. त्या दिवशी कडा तपासून पाहायला हव्या होत्या, मी पाहिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डोळा लावलात. "साफ आहे. सगळ्या गोल." मग मान वर न करता नेहमीचा प्रश्न विचारलात, "हिचं आधी कधी घेतलंय का रे?"

बाई, घेतलं होतं. ती दगडी होती. छप्पनच्या वहीत तिच्या ओळीत 'इळा' हा शब्द तुम्ही सांगितला होता आणि मी माझ्या हाताने लिहिला होता. तुम्ही तेव्हा बरोबर पाहिलं होतं. मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं, हे तुम्ही विचारलं असतं, म्हणून सांगतो. मला पोरीचं वाईट करायचं नव्हतं. नवऱ्या मुलाकडून काही खायला-प्यायला मिळालं नव्हतं. ट्रंकेतल्या त्या वहीत जे काही होतं ते सगळं खोटं ठरावं असं मला वाटत होतं. कचरू खोटा, दगडी खोटी, तो रकाना खोटा, मग तो इळा तरी खरा का असावा. नव्या नावाने नव्या वहीत पोरगी साफ निघाली, आणि मला इतका आनंद झाला की मी तो मोडायला तयार नव्हतो. दोन वर्षं मेण वितळवणाऱ्या माणसाला रक्त दीक्षा घेत नाही हे कळायला हवं होतं. कळतही होतं. तरी नाही म्हटलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लग्न झालं, वर्षाने राहुल झाला. पहिल्याच थंडीत त्याचे पंजे सुजले आणि डोळे पिवळे झाले. तुम्ही बाळाचं रक्त पाहिलंत, मग आईचं पाहिलंत. दोन्हीकडे इळा. तुम्ही नवी वही काढलीत आणि सुजाताची ओळ शोधलीत. तिथे तुमच्याच अक्षरात 'साफ' लिहिलेलं होतं. आपण काचा धुऊन पुन्हा वापरायचो, त्यामुळे ती काच कुठली सापडायला. तुम्ही वहीकडे पाहत म्हणालात, "मी वाचायला चुकले." मी तुमच्या बाजूला उभा होतो. ट्रंक माझ्या पायापाशी होती.

राहुल पुढच्या थंडीत गेला.

त्यानंतर दर शुक्रवारी तुम्ही राजूरला जायला लागलात. मी बरोबर असायचो. तुम्ही सुजाताच्या घरात खाली बसायचा. ती तुमच्याशी बोलायची नाही. भाकरी थापायची, भांडी घासायची, गोधडी शिवायची, पण तुमच्याकडे बघायची नाही. तुम्ही तासभर बसून उठायचा. तुम्ही माफी मागितलीत ती पहिल्या शुक्रवारी, एकदाच. नंतर फक्त बसायचा. मी उंबऱ्यापाशी उभा राहायचो. बस म्हटलं तरी बसायचो नाही. तुम्हाला वाटायचं की मला अवघड वाटतं.

एका शुक्रवारी परत येताना तुम्ही म्हणालात, "तिचे पंजे दुखताहेत, पाहिलंस? भाकरी थापताना थांबते. जिथे बाळाचे दुखायचे तिथेच."

मी म्हटलं, "सूज तर नाही. तिला काही होणार नाही, तिच्यात एकाच बाजूचा आहे."

"म्हणूनच म्हणते. रक्तात काही नाही आणि दुखतंय. हे मी कुठल्या काचेवर बघू?"

त्या प्रश्नावर तुम्ही वणी सोडलीत, असं मी लोकांना सांगतो. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तुम्ही त्या महिन्यापासून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणं सोडलं होतं. मी काचा वाचायचो आणि तुम्ही ऐकून लिहायचा. मग तुम्ही दक्षिणेत मानसोपचाराचं शिकायला गेलात. चाळिशीला आलेली बाई पुन्हा वर्गात बसायला जाते म्हणून यवतमाळात बरीच करमणूक झाली. तुमच्या बंधूंनी मला बोलावून विचारलं, "तिचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, ते तपासायलाच चालल्या आहेत. त्यांना हसू आलं नाही.

दोन वर्षांनी वणीला परत आलात तेव्हा मला वाटलं होतं की आता सुटाबुटातले शब्द ऐकावे लागणार. तुम्ही आणलंत काय, तर दोन खुर्च्या. दोन्ही एकाच उंचीच्या हव्यात म्हणून सुताराकडून एकीचे पाय कापून घेतलेत. आणि नवीन वही, तिचं प्रत्येक पान मधोमध दुमडलेलं. डाव्या बाजूला माणसाच्या रक्तात काय दिसलं ते, उजव्या बाजूला तो माणूस काय बोलला ते, त्याच्याच शब्दांत. तुम्ही म्हणायचा, "दोन बाजू आहेत, पण पान एकच आहे." मी म्हणायचो, बाई, मन मला काचेवर दाखवा, मग मानतो. तुम्ही म्हणायचा, "तुमच्या विहारात दर आठवड्याला मनाचंच चालतं की, आणि तूच असं विचारतोस?" हे भांडण आपण चार वर्षं मिटवलं नाही. मला ते मिटायला नको होतं.

खाणीतला तो मेश्राम आठवतो ना. पाळीवर जायच्या आदल्या दिवशी त्याचे सांधे धरायचे. मुकादम म्हणायचा नाटक करतो, बायको म्हणायची करणी आहे. मी काच वाचली. रक्तात इळा होता, तोही आईबाप दोघांकडून आलेला. मी म्हटलं, झालं, कारण सापडलं. तुम्ही म्हणालात थांब, आणि त्याच्यासमोर खुर्चीत बसून राहिलात. अर्ध्या तासाने तो बोलला. त्याच्या शेजारी काम करणारा माणूस छत कोसळून गेला होता, आणि त्याच बोगद्यात त्याची पाळी लागायची. "आंदी जीव घाबरते बाई," तो म्हणाला, "मंग हाडं धरतात. पह्यले हाडं नाही धरत." तुम्ही ते जसंच्या तसं उजव्या बाजूला लिहिलंत. मग खाणीच्या साहेबाला चिठ्ठी दिलीत की याचं रक्तही खरं आहे आणि भीतीही खरी आहे, याला वरच्या कामावर घ्या. त्याला वरचं काम मिळालं. पुढे त्याला दुखायचं, पण फार कमी. मनाचं काही असतं हे मी त्या दिवशी मानलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण मग वाद संपला असता.

त्या वहीवर तुमचं पुढचं सगळं काम उभं राहिलं. शोकसभेत त्याचं कौतुक झालं ते योग्यच झालं. पण त्या कामाची डावी बाजू माझ्या डोळ्यांनी भरली जात होती हे तिथे कोणी म्हटलं नाही. मी कितीदा म्हटलं, बाई, ही काच जरा विचित्र आहे, एकदा तुम्ही बघा. तुम्ही हात मागे घ्यायचा. एकदा मी रागाने म्हणालो, "तुम्ही दुर्बिणीला भ्यालात. भिऊन मनात जाऊन लपलात." तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझ्या नजरेवर माझा विश्वास नाही, आनंद. ज्यावर विश्वास नाही त्यावर दुसऱ्याचं लेकरू कसं टाकू?" त्या क्षणी माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. मी मेणबत्ती विझवली आणि घरी गेलो.

मी स्वतःला काय सांगत आलो तेही लिहून टाकतो. त्या चुकीमुळेच तुम्ही मनाकडे वळलात, त्यामुळेच मेश्रामसारखी कितीतरी माणसं बरी झाली, म्हणजे झालं ते एका अर्थी बरंच झालं, असं मी म्हणायचो. हे बोलणं मला रात्री झोप लागण्यापुरतं पुरायचं. पण तुम्ही दोन्ही केलं असतंत. डाव्या बाजूलाही तुमचीच नजर असती, आणि ती माझ्यापेक्षा दहापट चांगली होती. मी तुमचं अर्धं काम काढून घेतलं आणि वर तुमचा मदतनीस म्हणून पगार घेत राहिलो. तुम्ही नंतर जे शिकायला गेलात त्याचा पहिला रोगी तुमच्या शेजारीच बसून मेण वितळवत होता. तुम्ही त्याला एकदाही समोरच्या खुर्चीत बसवलं नाहीत. तुमची चूक धरायचीच तर मी ही एक धरीन.

या संक्रांतीला मी यवतमाळला तुमच्या घरी सांगायचं ठरवून आलो होतो. ट्रंकेतली जुनी वही पिशवीत घातली होती. तुम्ही पेल्यात चहा ओतलात आणि आर्णीकडच्या एका बाईचं सांगत बसलात. तिला तीन महिने आवाज नव्हता आणि त्या दिवशी तिने तुम्हाला नावाने हाक मारली होती. तुम्ही इतक्या खुश होता की मी म्हटलं, आज नको, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी मी आलो तो तुमच्या अंगणात, खांदा द्यायला.

सभेवरून परत आल्यावर, काल, मी सुजाताकडे गेलो. तिला राहुलनंतर मूल नाही, त्या दोघांनी होऊ दिलं नाही. नवरा खाणीवर गेला होता. ती अंगणात तूर पाखडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. जुनी वही, तिची ओळ, मेण, आणि मी म्हटलेलं 'नाही'. तिने सूप थांबवलं नाही.

"म्हणजे बाईनं बरोबर पाह्यलं होतं," ती म्हणाली.

"पहिल्या वेळी बरोबर पाहिलं होतं. दुसऱ्या वेळी काच माझ्या हातून बिघडली, आणि त्यांनी विचारलं तर मी खोटं बोललो."

"काहून?"

मी सांगायचा प्रयत्न केला. जे तुम्हाला वर लिहिलं तेच. तिने ऐकलं.

"मले दगडी म्हनत तवा बी मी हेच होती, दादा," ती म्हणाली. "नाव मले बी नवंच पाह्यजे होतं. पन लेकरू बी पाह्यजे होतं." मग म्हणाली, "तुमी दर शुक्रवारी बाईच्या संगं येत होते."

"हो."

"मी तिच्यासंगं बोलत नोहती, ते पाहत होते."

"हो."

तिने सूप खाली ठेवलं. "दिवाळीच्या मांगं आलती ते. एकटीच. तुमाले माहीत नसन. अथीच बसली होती. म्हने, सुजाता, येवढी वर्सं झाली, एक डाव तरी म्हन का जाऊ द्या बाई. मी नाही म्हटलं. चहा बी नाही देल्ला. उठून गेली तं मी मांगून पाह्यलं बी नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "आता मी कोनाले म्हनू, जाऊ द्या म्हनून?"

ती उठून आत गेली आणि मी उन्हात तसाच बसून राहिलो. बाई, तुम्ही तिच्याकडे जे मागायला जात होतात ते मागायचं काम माझं होतं. तुम्ही ते इतकी वर्षं माझ्या जागी करत राहिलात, आणि मी तुम्हाला करू दिलं.